वरच्या फळीवरचा पुडा

त्या संध्याकाळी मेडिकलवर मी आधी क्रोसिनची पट्टी मागितली. मग खोबरेल तेलाची बाटली. मग टूथपेस्ट. तिन्ही वस्तू घरात होत्या. माझ्या बाजूला आमच्याच गल्लीतला एक मुलगा उभा होता आणि तो निघून जाईपर्यंत मला वेळ काढायचा होता. तो गेला तर केळीच्या गाडीवरचे दोन मजूर आले. ते गेले तर ओळखीच्या एक बाई आल्या. शेवटी दुकानदारानंच माझ्याकडं नीट पाहिलं, काउंटरवर पुढं झुकला आणि हळू आवाजात विचारलं, "पेशंटसाठी काही पायजे का, सर?"

मी मान हलवली.

"झोपून आहे, का चालतं-फिरतं?"

"चालते. माय आहे माझी."

"कंबर किती?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. तिच्या चष्म्याचा नंबर मला पाठ होता, साखरेचे गेल्या तीन वेळचे आकडे पाठ होते. कंबर किती, हे मुलानं कधी विचारलेलं नसतं. दुकानदाराला माझ्यासारख्यांच्या गप्प राहण्याची सवय असावी. त्यानं अंगकाठी कशी आहे ते विचारलं, स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा पुडा काढला, कालच्या वर्तमानपत्रात गुंडाळला, सुतळी बांधली आणि माझ्या हातात देताना दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. पाहिलं नाही असं दाखवण्याची ही त्याची पद्धत होती. त्या माणसाचे मी अजून आभार मानलेले नाहीत.

मोठ्या माणसांचं डायपर. हा शब्द मी त्या दिवशी दुकानात एकदाही उच्चारला नाही, त्यानंही नाही. नंतर जवळजवळ दीड वर्ष मी या विषयाच्या मागं लागलो. रावेर, सावदा आणि फैजपूरमधल्या मेडिकलवाल्यांशी बोललो, घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं करणाऱ्या बायांशी बोललो, निवृत्त परिचारिकांशी बोललो आणि ज्यांच्या घरात असा पुडा येतो अशा माणसांशी बोललो. कोणाचंही नाव लिहिणार नाही, हे कबूल केल्यावरच त्यांनी तोंड उघडलं.

आधी मायचं सांगतो, कारण सुरुवात तिथूनच झाली.

मार्गशीर्षात दत्ताचा रथ निघतो तेव्हा रावेरचं माणूस घरात बसत नाही. माय तर कधीच बसली नव्हती. दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली, "पाय दुखतात, तुमीच जा." आम्ही गेलो. मग महाशिवरात्रीला तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव-मुक्ताईची यात्रा आली, तिथंही "पाय दुखतात". मग भाच्याचं लग्न. मग भजनाचा गुरुवार सुटला. वय झालं, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. मे महिन्यात, जेव्हा आमच्याकडं पारा 45 अंशांच्या वर जातो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, तेव्हा ती दिवसभरात दोन-तीन पेले पाण्यावर राहत होती आणि घरातल्या कोणाच्याही ते ध्यानात आलं नाही. बहीण माहेरी आली. तिनं तिसऱ्या दिवशी गादी उन्हात टाकली तेव्हा तिला वास आला. माय रडली नाही. एवढंच म्हणाली, "उठेपर्यंत होऊन जातं वो. थांबत नाही."

पाणी कमी प्यायलं तर लघवी कमी होईल, हा हिशेब जवळजवळ प्रत्येक म्हातारं माणूस करतं. तो चुकीचा आहे. पाणी कमी झालं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाला टोचते आणि घाई उलट वाढते. बद्धकोष्ठ होतो, त्याचा दाब पुन्हा मूत्राशयावर येतो. जंतुसंसर्ग लवकर होतो. खानदेशच्या उन्हाळ्यात तर हा हिशेब जिवावर बेतू शकतो. मायच्या बाबतीत तो बेतला नाही, एवढंच.

भाषेपासूनच या विषयाची पंचाईत आहे. डॉक्टरांच्या पुस्तकात याला शब्द आहेत, आमच्या तोंडात नाहीत. बाया म्हणतात, "कपडे खराब होतात." पुरुष म्हणतात, "कंट्रोल राहिला नाही." सुना म्हणतात, "त्यांचं जागेवरच होतं." आणि दुकानात मागताना लोक म्हणतात "मोठं हगीज", कारण लहान मुलांच्या डायपरच्या एका ब्रँडचं नाव सगळ्या डायपरांना चिकटलंय. एका मेडिकलवाल्यानं मला त्याच्या फोनवर आलेले निरोप दाखवले. बहुतेकांनी वस्तूचं नाव लिहिलेलंच नव्हतं. रिकाम्या पुड्याचा फोटो, त्याखाली "हे दोन", आणि "पोऱ्याले पाठवतो, गुंडाळून ठेवजा." तो म्हणाला, "सर, औषधाचं नाव वाचता येत नाही म्हणून लोक फोटो पाठवतात. हे वाचता येतं म्हणून पाठवतात."

त्याच्याकडून या धंद्याची बरीच माहिती मिळाली. डायपरचा पुडा जागा फार खातो. जेवढ्या जागेत दहा हजारांच्या गोळ्या मावतात तेवढ्या जागेत डायपरचे चार-पाच पुडे. म्हणून लहान दुकानदार एका वेळी थोडेच ठेवतो, तेही वर, जिथं हात पोचत नाही. मापं सगळी ठेवता येत नाहीत, म्हणून गिऱ्हाइकाला आहे ते माप मिळतं. लागलं तर जळगावच्या होलसेलवाल्याला संध्याकाळी सांगायचं, माल दुसऱ्या दिवशी येतो. पण गिऱ्हाईक "उद्या या" ऐकलं की परत येत नाही, कारण पुन्हा तेच उभं राहणं, पुन्हा तेच विचारणं. काही जण पुडा फोडून सुटे दोन-तीन मागतात. त्यांना पैशाची अडचण असते, हे दुकानदाराला कळतं. तो देतो.

आणि एक गोष्ट त्यानं अशी सांगितली की मी लिहून घेता घेता थांबलो. रावेरची माणसं हे पुडे घ्यायला बऱ्हाणपूरला जातात. पंचवीसेक किलोमीटर, राज्याची हद्द ओलांडली की झालं, तिथं ओळखीचं कोणी भेटत नाही. आणि बऱ्हाणपूरकडची माणसं त्याच कामासाठी त्याच्या दुकानात येतात. "मी त्यायले ओळखत नाही, ते मले ओळखत नाहीत," तो म्हणाला. "नाव-गाव इचारत नाही. पुडा देतो."

मला तेव्हा त्या रस्त्यावरच्या दोन मोटारसायकली दिसल्या. एक इकडून तिकडं जातेय, एक तिकडून इकडं येतेय. दोघांच्याही घरी कोणाची तरी माय नाहीतर बाप आहे.

ही लाज फक्त रावेरची नाही आणि आजचीही नाही. दुकानात काय मागता येतं आणि काय नाही, याचा महाराष्ट्रात जुना झगडा आहे. र. धों. कर्वे 1921 पासून मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देत होते, साधनं पुरवत होते. 1927 पासून 1953 मध्ये मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवलं, खटले सोसले. 1968 मध्ये भारत सरकारनं 'निरोध' बाजारात आणलं, तेव्हा औषधांच्या दुकानांवर भिस्त ठेवली नाही. चहा, साबण, सिगारेट विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांतून ते गावोगावच्या किराणा दुकानांत आणि पानटपऱ्यांवर पोचवलं. किंमत 15 पैशांना तीन. वस्तू सगळीकडं दिसायला लागली की मागणाऱ्याचा आवाज थोडा मोकळा होतो, हे त्यामागचं गणित होतं. सॅनिटरी पॅडचंही तेच झालं. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी आमच्या गावात पॅड काळ्या पिशवीत मिळायचं. 2018 मध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि काळ्या पिशवीची जागा पुन्हा वर्तमानपत्रानं घेतली, पण तोवर निदान शहरांत तरी पोरी पॅड हातात धरून दुकानातून बाहेर पडायला लागल्या होत्या. त्याच वर्षी जुलैत सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी पूर्ण उठला. त्यासाठी बायांनी आवाज उठवला होता, कोर्टात गेल्या होत्या.

म्हाताऱ्यांच्या डायपरसाठी कोणी मोर्चा काढला नाही. त्यावर 12 टक्के कर होता तो कित्येक वर्षं तसाच राहिला आणि 22 सप्टेंबर 2025 पासून, जीएसटीचे टप्पे बदलले तेव्हा, 5 टक्क्यांवर आला. मी ज्यांना ही बातमी सांगितली त्यांतल्या बहुतेकांना आधी कर किती होता हेच माहीत नव्हतं. गुंडाळलेल्या पुड्याचं बिल कोण मागतो?

आता इथं मला थोडं थांबून वैद्यकाचं सांगायचं आहे, कारण दीड वर्षात मला सगळ्यात जास्त राग ज्या गोष्टीचा आला ती हीच. लोक डायपरपर्यंत पोचतात, डॉक्टरपर्यंत पोचत नाहीत.

लघवी सुटणं हा एक आजार नाही, तो वेगवेगळ्या आजारांचा परिणाम आहे. खोकताना, शिंकताना, कळशी उचलताना थेंब सुटतात तो एक प्रकार. बाळंतपणांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेले असतात, कधी गर्भपिशवी खाली आलेली असते. घाई लागते आणि मोरीपर्यंत पोचायच्या आत होऊन जातं तो दुसरा प्रकार. मायचा तो होता, त्यात साखर वाढलेली आणि संसर्गही झालेला. तिसरा प्रकार पुरुषांत जास्त. प्रोस्टेटची गाठ वाढून वाट अडते, मूत्राशय तुडुंब भरतं आणि भरलेली टाकी वरून गळावी तसं थेंब थेंब गळत राहतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, कंट्रोल गेला. खरं तर लघवी अडकलेली असते. अशा माणसाला डायपर बांधून घरात ठेवलं तर मूत्रपिंडापर्यंत नुकसान पोचू शकतं. चौथा प्रकार सगळ्यात साधा आणि सगळ्यात दुर्लक्षित: मूत्राशय बरं आहे, पण गुडघे उठू देत नाहीत, मोरी परसात आहे, रात्री दिवा नाही. अशा माणसाला डायपरआधी खाटेजवळ एक भांडं, नाहीतर कमोडची खुर्ची हवी असते.

यातलं बरंच काही बरं होतं, किंवा कमी होतं. अमेरिकेतल्या अर्नोल्ड केगेल नावाच्या डॉक्टरनं 1948 मध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम मांडला, तो आजही पहिला उपाय म्हणून सांगितला जातो. लघवी मधेच रोखताना जे स्नायू आवळतात तेच, एरवी बसल्या-बसल्या, काही सेकंद आवळायचे आणि सोडायचे. दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा, तीन महिने नेटानं. एकही रुपया लागत नाही. रक्तदाबासाठी लोक जिला 'पाण्याची गोळी' म्हणतात ती संध्याकाळी घेतली जात असेल तर डॉक्टरांना विचारून सकाळी घेता येते, रात्रीची निम्मी धावपळ तिथंच कमी होते. मायच्या संसर्गावर औषध झालं, साखर आवरली, वेळ लावून दर दोन तासांनी उठायची सवय लागली. डायपर आता फक्त रात्री आणि प्रवासाला लागतं. सहा महिने आधी तिनं सांगितलं असतं तर. किंवा आम्ही विचारलं असतं तर.

1989 मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 बायांची तपासणी करून 'लॅन्सेट'मध्ये निबंध लिहिला. 92 टक्के बायांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्यांतल्या फारच थोड्यांची त्याआधी कधी तपासणी झाली होती. 'शरम' आणि 'सहन करणं' हे शब्द आपल्याकडं बायांच्या बाबतीत इतके एकजीव झालेत की त्यांना वेगळं करायला एवढं मोठं काम करावं लागलं. छत्तीस वर्षांनी, केळीच्या सुपीक पट्ट्यात, दारात ट्रॅक्टर असलेल्या घरांतून मी तीच गोष्ट ऐकत होतो. चार बाळंतपणं आणि उभा जन्म शेतात काढलेल्या एका आजीनं मला सांगितलं, तिला वीस वर्षांपासून हा त्रास आहे. वीस वर्षं ती लुगड्याचे तुकडे वापरत आली. मी विचारलं, डॉक्टरला कधी दाखवलं? ती म्हणाली, "हे काय दाखवाचं असतं का, बापा?"

लुगड्याच्या तुकड्यांवरून आठवलं. जुन्या बाया कशा भागवायच्या, हा प्रश्न मी सगळ्यांना विचारला. उत्तर एकच आलं: सुती नऊवारी. धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं पाणी असं पितं की बस. त्याच्या घड्या, त्याखाली मेणकापड, त्याखाली गोधडी. रोज पहाटे उठून सून ते धुवायची, उन्हात वाळवायची, पण वाळत घालताना वर दुसरं पातळ टाकून झाकायची. आता घरात सुती लुगडं नाही. आजीसुद्धा पॉलिस्टर नेसते, आणि पॉलिस्टरचा तुकडा पाणी पीत नाही, नुसता ओला होतो. कापसाच्या खानदेशात फडकं मिळेनासं झालं आणि त्या जागी पुडा आला, असं एका म्हाताऱ्या परिचारिकेनं मला सांगितलं. मला ते पटलं.

पुड्यातल्या त्या वस्तूच्या पोटात काय असतं, हेही शेतकऱ्याच्या गावाला कळायला हवं. आत बारीक, मिठासारखे दाणे असतात. सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. पाणी लागलं की फुगून त्यांचा जेलीसारखा गोळा होतो आणि दाबला तरी पाणी सोडत नाही. या जातीच्या पाणीशोषक पदार्थांवर अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत 1960च्या दशकात काम सुरू झालं ते जमिनीत ओल धरून ठेवण्यासाठी. डायपर नंतर आलं. आपल्याकडं दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं 'पूसा हायड्रोजेल' काढलं तेही कोरडवाहू शेतीसाठीच, त्याच कुळातलं. शुद्ध पाणी हे दाणे आपल्या वजनाच्या शेकडो पट पितात, पण खाऱ्या पाण्यात त्यांची भूक पुष्कळ कमी होते, आणि लघवीत मीठ असतं. म्हणून जाहिरातीत निळं पाणी ओतून दाखवतात तेवढं ते घरी झेलत नाही. एक फुटतंय म्हणून दोन डायपर एकावर एक घालणारे मी पाहिले. त्याचा काही उपयोग नाही. आतल्याचं बाहेरचं अस्तर प्लास्टिकचं असतं, पाणी दुसऱ्यापर्यंत पोचतच नाही, बाजूनं बाहेर येतं आणि कातडी मात्र उकडते.

चालत्या माणसाला चड्डीसारखं वर ओढायचं डायपर, झोपून असलेल्याला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी असलेलं. माप कंबरेचं आणि पुठ्ठ्यांचं, दोन्हींत जे जास्त असेल ते. मोठं घेतलं तर सांडतं, लहान घेतलं तर मांड्या सोलतात. चार-सहा तासांनी बदलायचं, शी झाली तर लगेच. पुसताना पुढून मागं, विशेषतः बायांना. कातडी कोरडी झाल्यावरच नवं बांधायचं, लाल दिसली तर झिंकचं मलम. झोपून असलेल्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, नाहीतर माकडहाडावर जखम होते आणि ती हाडापर्यंत जाते. हे सगळं कोणीतरी एकदा, पाच मिनिटं, शांतपणे सांगायला हवं. पण गुपचूप घेतलेल्या वस्तूबरोबर माहिती येत नाही. गुंडाळलेला पुडा हातात घेऊन माणूस दुकानातून जवळजवळ पळतो, मागं वळून "हे बांधायचं कसं?" असं विचारत नाही. मलाही पहिले आठ दिवस उलटंसुलटं कळलं नव्हतं. मायला तर बहिणीनं व्हिडिओ कॉलवर शिकवलं.

म्हणूनच आडोसा आणि लपवाछपवी यांत मी फरक करतो. मायला आडोसा मिळालाच पाहिजे. तिच्या अंगाची गोष्ट चव्हाट्यावर येऊ नये, हा तिचा हक्क आहे आणि तो कागद, ती सुतळी, तो नजर फिरवणारा दुकानदार यांची मला किंमत आहे. पण लपवाछपवीनं तिला कित्येक महिने तहानलेलं ठेवलं.

पैशाचं सांगायलाच हवं. माझ्या ओळखीच्या दुकानात एक नग साधारण चाळीस-पन्नास रुपयांना पडतो. झोपून असलेल्या माणसाला दिवसाला तीन धरले, नगाला 45 रुपये धरले, तर महिन्याचे 4,050 रुपये होतात. श्रावणबाळ योजनेतलं निवृत्तिवेतन महिन्याला 1,500 रुपये आहे. 2024 मध्ये राज्य सरकारनं मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, 65 वर्षं पुरी झालेल्या आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना साधनं घेण्यासाठी एकदाच 3,000 रुपये. चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, गुडघ्याचा पट्टा आणि कमोडची खुर्चीसुद्धा तिच्या यादीत आहे, आणि ही खुर्ची अनेकांच्या उपयोगाची आहे. डायपर त्या यादीत लिहिलेलं नाही. एकदा घेऊन संपणारी ती वस्तू नाही, हे खरं. पण लकवा झालेल्या बापाचं करणारा एक केळी-कापणीचा मजूर मला म्हणाला, "रोजीतले दीडशे रुपये बाप्पाच्या खालीच जातात, भाऊ." हे तो तक्रार म्हणून बोलला नाही. बापाला कोरडं ठेवतो, याचं त्याला समाधान होतं. पावसात काम नसतं तेव्हा तो दिवसा फडकी वापरतो आणि रात्रीपुरतं एकच डायपर. पुडा फोडून सुटे मागणारी माणसं ती हीच.

आणि वापरून झाल्यावर?

हा भाग कोणालाच बोलायचा नसतो. 2016 च्या घनकचरा नियमांत वापरलेली डायपर आणि अंथरुणावरचे शोषक पॅड 'सॅनिटरी कचरा' म्हणून वेगळे धरले होते. ते गुंडाळून द्यायचे, आणि गुंडाळण्यासाठी पिशवी किंवा वेष्टन बनवणाऱ्यानं पुड्याबरोबर द्यायचं, असं त्यात होतं. मी पाहिलेल्या बऱ्याच पुड्यांत असं काही नव्हतं. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून देण्याची मोहीम चालवली, म्हणजे उचलणाऱ्या बाईला आत काय आहे ते न उघडता कळावं. साधी गोष्ट आहे, एक लाल पेन लागतो. आमच्याकडं गावात उकिरडा असतो, नाला असतो, नाहीतर शेताचा बांध. एका घरच्या सुनेनं सांगितलं, सासऱ्यांचं डायपर रात्री अंधारात उकिरड्यावर पुरलं होतं, सकाळी कुत्र्यानं ते उकरून चौकात आणलं. बापे पारावर बसलेले. घर कोणाचं ते सगळ्यांना कळलं, आणि सासऱ्यांनाही कळलं. त्यांनी दोन दिवस जेवण घेतलं नाही. तिनं नंतर बांधावर कमरेएवढा खड्डा खणून घेतला आणि वर फरशी टाकली. खड्डा हा शेवटचा उपाय नव्हे, त्यातलं प्लास्टिक आणि ती जेली मातीत वर्षानुवर्षं राहणार. पण जिथं घंटागाडी येत नाही तिथं त्या सुनेनं जे केलं त्याला मी नाव ठेवणार नाही.

जगात हे कुठं चाललंय ते जपानवरून दिसतं. तिथल्या ओजी होल्डिंग्ज कंपनीनं 2024 मध्ये जाहीर केलं की देशातल्या बाजारासाठी लहान मुलांची डायपर बनवणं आपण बंद करतो आणि मोठ्यांच्या डायपरवर लक्ष देतो. मुलं कमी, म्हातारी माणसं जास्त. आपल्याकडं 2011 च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसं दहा कोटींच्या वर होती. रावेर तालुक्यात घराघरांतली पोरं पुण्याला, नाशकाला, सुरतेला गेली आहेत. मागं राहिलेल्या मायबापांना ऑनलाइन पुडा पाठवण्याची सोय आता आहे. पण कुरिअरवाला गावातलाच, आणि खोक्यावर आतल्या वस्तूचं चित्र. पुण्याच्या एका मुलानं दोनदा मागवलं, दोन्ही वेळा बापानं खोकं परत पाठवलं. तिसऱ्यांदा त्यानं गावातल्या मेडिकलवाल्याला फोन केला आणि पैसे फोनवरून पाठवले. मेडिकलवाला आता दर पंधरा दिवसांनी दुकान वाढवल्यावर स्वतः त्या घरी जातो, पुडा खाटेखाली ठेवतो आणि त्या मुलाच्या बापाबरोबर एक चहा पितो. पाणी किती पिता, लाल तर झालं नाही ना, असं मधेच विचारतो. या कामाचे तो वेगळे पैसे घेत नाही. मी विचारलं तर म्हणाला, "माह्या बापाच्या वेळेस मले कोनी सांगितलं नव्हतं."

मायला पहिला पुडा दाखवला तेव्हा तिनं हातही लावला नाही. "मले नको ते पोरायचं," म्हणाली. चार दिवस तो धान्याच्या कोठीमागं पडून राहिला. पाचव्या रात्री तिनं बहिणीला फोन लावून घेतला आणि खोलीचं दार लोटलं. सकाळी ती उशिरा उठली. कित्येक महिन्यांनी सलग झोपली होती. चहा घेताना काही बोलली नाही, मीही बोललो नाही. तिनं दोन पेले पाणी प्यायलं, ते मी पाहिलं.

गेल्या मार्गशीर्षात ती रथाला आली. गर्दीत नाही, एका ओट्यावर बसून. तिथं तिच्या शेजारी तिच्याच वयाची एक बाई होती, आमच्या मागच्या गल्लीतली. दोघी बराच वेळ काहीतरी बोलत होत्या. दोन दिवसांनी ती बाई दुपारी घरी आली. मी पुढच्या खोलीत होतो. आत मायनं कोठी सरकवल्याचा आवाज आला, मग कागदाची सळसळ. बाई पदराखाली काहीतरी धरून माझ्यासमोरून खाली मान घालून गेली. मी पेपर वाचत राहिलो.

संध्याकाळी मी मेडिकलवर निघालो तर माय दारापर्यंत आली.

"एक पुडा जास्तीचा आन," ती म्हणाली. "अन लहान मापाचा आन. ती वाळकी आहे."